कसेल त्याची

मुंबई शहरात माटुंगा हे ठिकाण झाडांच्या बाबतीत श्रीमंत आहे. पाच बागांच्या परिसरातील रस्त्यांवरून भर उन्हाळ्यात चालू लागावे, तर डोक्यावर वर्षावृक्षांच्या फांद्यांचे छत पसरलेले दिसते. सूर्य कलला की या वृक्षांची पाने जोडीजोडीने मिटू लागतात. दिवसभर सावली धरणारे झाड रात्री आकाशाला वाट करून देते. हा वृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. परंतु माटुंग्याच्या मातीत त्याने अशी मुळे रोवली आहेत, की त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

माटुंग्याची ही सुबक रचना आपोआप झालेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतून हजारो माणसे दगावली. माणसाला अन्नाइतकीच हवेची आणि उजेडाची गरज असते, हा धडा त्या साथीने शहराला दिला. १८९८ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुढे त्या मंडळाने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत रुंद रस्ते आखले, बागांसाठी जागा राखली व नवी वस्ती वसवली. त्यापूर्वी या बाजूस भाताची खाचरे आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या. आज जेथे मोटारी धावतात, तेथे एकेकाळी कोणीतरी गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावीत होते. शहरे बहुधा शेतांवरच उभी राहतात. आणि विशेष असे, की त्या शहरांत राहावयास येणारी माणसेही बहुधा शेतांवरूनच आलेली असतात.

माटुंग्याच्या बाजारात सकाळी एक फेरी मारली, तरी याची साक्ष पटते. केळीची पाने, केळफुले, शेवग्याच्या शेंगा, कोहळे आणि कढीलिंबाच्या जुड्या ओळीने मांडलेल्या असतात. शेजारीच फुलवाले मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे ओवीत बसलेले असतात. दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी हा बाजार आपल्या चवीचा करून घेतला. कोणाचे घर पालघाटकडचे, कोणाचे तंजावरकडचे, तर कोणाचे मंगळूरकडचे. नोकरीच्या निमित्ताने गाव सुटले. परंतु गावच्या परसातली भाजी पानावर असल्याशिवाय घास गोड लागेना. मनुष्य गाव सोडतो, तेव्हा तो शेत उचलून आणू शकत नाही. त्याची चव मात्र तो बरोबर घेऊन येतो.

याच माटुंग्यात आणखी एका दक्षिणेची माणसे आली. ती होती दक्षिण कोकणची, म्हणजे तळकोकणची. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातील चाकरमान्यांची रीघ लागली, त्याप्रमाणे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातही लागली. आगगाडीचे डबे दुरुस्त करण्याचा हा कारखाना १९१५ साली सुरू झाला. गावी जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. म्हणून घरातील एका भावाने शेत सांभाळावे आणि दुसऱ्याने मुंबईस जाऊन मनिऑर्डर पाठवावी, अशी कोकणातील अनेक घरांची रीत पडून गेली. त्या घरांचा एक पाय चिखलात असे व दुसरा कारखान्यात. आणि घर चालत असे ते या दोन्ही पायांवर.

माटुंग्याच्या एका जुन्या चाळीत अशाच घरातले एक आजोबा राहतात. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार होते. ते स्वतःही तेथेच नोकरी करून निवृत्त झाले. त्यांचे गाव मालवण तालुक्यात आहे. नातीने गावाची गोष्ट सांगा म्हटले, की आजोबांची गोष्ट ठरलेली असे. ती राजाराणीची नसे. जमीन आपली कशी झाली, याची असे.

ती जमीन पूर्वी त्यांच्या घराच्या मालकीची नव्हती. आजोबांचे वडील आणि चुलते ती कूळ म्हणून कसत होते. जमिनीचा मालक दूरच्या शहरात राहत असे. पीक आले, की त्याचा मक्ता मोजून द्यावा लागे. पीक बुडाले, तरी मक्ता चुकत नसे. पुढे स्वातंत्र्य मिळाले. १९४८ साली कूळकायदा झाला, आणि त्यात पुढे झालेल्या सुधारणेप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन स्वतः कसत होता, त्याला ती विकत घेतल्याचा हक्क कायद्याने मिळाला. ‘कसेल त्याची जमीन’ हे शब्द तेव्हा खेडोपाडी दुमदुमत होते.

तथापि जमीन फुकट मिळाली नव्हती. ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरावयाची होती. ते हप्ते माटुंग्याहून जात. वडिलांनी कारखान्यात जादा पाळ्या करून पैसे जमवावे, मनिऑर्डर करावी आणि पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी. गावी चुलत्यांनी त्याच जमिनीत नांगर धरावा. एका भावाच्या घामाने जमिनीची किंमत फिटली आणि दुसऱ्या भावाच्या घामाने ती पिकली. गोष्ट येथे संपे. आजोबांच्या स्वरात त्या वेळी एक प्रकारचे समाधान असे. न्याय झाला, याचे ते समाधान होते.

तळकोकणातील शेतकऱ्याची जमीन बहुधा एकसलग नसते. अगदी वर असतो सडा. म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माळरान. त्याच्या खाली उतारावर भरड. तेथे पूर्वी नाचणी आणि वरी पिकत असे. आता बहुतेक ठिकाणी काजू आणि आंबा आहे. सर्वांत खाली, व्हाळाच्या काठी मळ्याची जमीन. तेथे भात होते. भाताच्या एकेका लहान तुकड्याला कुणगा म्हणतात. या जमिनीला गडग्यांनी हद्द घातलेली असते. गडगा म्हणजे चुना किंवा सिमेंट न वापरता जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्यात गडगा कोठे ना कोठे ढासळतोच, आणि तो पुन्हा रचावा लागतो. ज्या घरी गडगा रचणारे कोणी उरले नाही, त्या घराची वाडी दोनतीन पावसाळ्यांत ओळखू येईनाशी होते. प्रथम गुरे आत शिरतात, मग रान शिरते.

आजोबांना ही सारी जमीन पाठ होती. कोणत्या फणसाचे गरे कापे आणि कोणत्याचे बरके, कोणत्या विहिरीचे पाणी वैशाखातही आटत नाही, हे ते माटुंग्याच्या खिडकीत बसून सांगू शकत. परंतु चाकरमान्याचा गाव हा एक विशेष गाव असतो. तो मे महिन्यात दिसतो आणि गणेशचतुर्थीला दिसतो. मे महिन्यात आंबे, फणस, रातांबे आणि करवंदे. चतुर्थीला हिरवीगार पोटऱ्यांवर आलेली शेते, आरत्या आणि भजने. या दोन भेटींच्या मधला आषाढ त्याला दिसत नाही. वस्तुतः जमिनीचा आणि माणसाचा खरा व्यवहार त्याच महिन्यात होत असतो.

अलीकडे काळ पालटला. १९८१ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि भरडावर काजूआंब्यांची कलमे उभी राहिली. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. पूर्वी ज्या गावी जाण्यास बोट व पुढे बैलगाडी लागे, तेथे दादरहून रात्री निघालेला मनुष्य सकाळी पोहोचू लागला. जमिनीचे भाव वाढले. एके दिवशी आजोबांच्या घरी निरोप आला, की सड्यापासून मळ्यापर्यंतची सगळी जमीन एकगठ्ठा घेण्यास एक गिऱ्हाईक तयार आहे. सर्व वारसांच्या सह्या मात्र हव्यात.

आजोबांच्या नातवाने सातबाऱ्याचा उतारा काढला. जमिनीचा गट किंवा हिस्सा कोणता, क्षेत्र किती, आकार किती, ती कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात काय पिकते, हे या उताऱ्यावर लिहिलेले असते. पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. आता तो माटुंग्यात बसल्याबसल्या मिळतो. उताऱ्यावर २३ नावे होती. कोणी माटुंग्यात, कोणी डोंबिवलीस, कोणी वसईस, कोणी पुण्यास, तर एक नाव परदेशात. त्यांत गावी राहून जमीन कसणारे नाव एकच होते. ते होते आजोबांच्या धाकट्या चुलतभावाचे. कागदावर ते सतराव्या ओळीत होते.

त्याच कागदावर सड्याच्या क्षेत्रापुढे ‘पोटखराबा’ असा शब्द होता. जे क्षेत्र लागवडीस योग्य नाही, त्याला महसूल खाते असे म्हणते. हिशेबापुरते ते बरोबरच आहे. पण श्रावणात हा पोटखराबा पाहावा! उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला कातळ तेव्हा निळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्या रानफुलांनी इंचाइंचाने भरून जातो. सीतेची आसवे नावाची एक इवलीशी निळी-जांभळी फुले तेथे दाटीने फुलतात. त्या वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपले पोषण करतात. अशाच सड्यांवर रत्नागिरी जिल्ह्यात आणि मालवण तालुक्यातील कुडोपी येथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळात कोरलेली चित्रे आढळली आहेत. २०२२ साली कोकणातील या कातळशिल्पांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कागद खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु जेवढे त्याला विचारावे तेवढेच तो सांगतो.

एका रविवारी माटुंग्याच्या दोन खोल्यांत सगळे नातेवाईक जमले. विकावे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती. नातवाच्या घराचे कर्ज डोक्यावर होते. एका पुतण्याच्या आजारपणात सगळी शिल्लक संपली होती. “वर्षातून दोनदा आंबे खाण्यासाठी जमीन ठेवायची का?” असा प्रश्न त्याने विचारला, आणि त्यात उद्धटपणा नव्हता. दुसऱ्या एकाने वडिलांच्या मनिऑर्डरींची आठवण काढली. जमिनीचे पैसे माटुंग्यानेच भरले होते; मग माटुंग्याला तिची किंमत का मिळू नये?

गिरगावात राहणाऱ्या आत्याबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या म्हणाल्या, “लग्न होईपर्यंत त्या मळ्यात मी तरवा काढला. माझ्या पायाच्या बोटांत चिखल्या भरलेल्या असत. तेव्हा माझे नाव कागदावर नव्हते. आता म्हातारपणी ते कागदावर आले आणि पाय मात्र चिखलात नाही. माझी सही कोणत्या नावाने घेणार? तेव्हाच्या की आताच्या?”

यावर कोणी काही बोलले नाही. चुलतभावाला दूरध्वनी केला, तेव्हा तो शेतातच होता. त्याचे उत्तर मालवणीत आणि थोडक्यात आले. “दादा, तुमी सय करा, नायतर करू नकात, माका आता तरवो काढूचो आसा.” पावसाने उघडीप दिली होती, आणि रोपे काढण्याची वेळ कोणाच्या सहीसाठी थांबणारी नव्हती.

नात कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने आजोबांना विचारले, “आजोबा, तुमच्या गोष्टीत जमीन कसणारा एक होता आणि दूर शहरात राहणारा मालक एक होता. आता त्या गोष्टीत आपण कोण?”

मुलांचे प्रश्न साधे असतात, म्हणूनच त्यांची उत्तरे अवघड असतात. आजोबा त्या रात्री बराच वेळ जागे होते. जुन्या मालकाला लहानपणापासून त्यांनी दूरचा, अनोळखी असा एक मनुष्य मानले होते. त्यालाही मे महिन्यात त्या जमिनीवरचे आंबे आठवत असतील, तोही आपल्या मुलांना तेथल्या विहिरीची गोष्ट सांगत असेल, हे त्यांच्या मनात प्रथमच आले. दोन दिवसांनी त्यांनी गाडी पकडली. आषाढात गावी जाण्याची त्यांची चाळीस वर्षांतील ती पहिलीच वेळ होती.

मळ्यात लावणी चालू होती. बैलांच्या जागी आता यंत्राचा नांगर आला होता. बाकी काम तेच होते. रोपांची मूठ उपटावी, मुळांची माती पाण्यात खळखळून धुवावी, जुडी बांधावी आणि वाकून, मागे सरत सरत एकेक चूड चिखलात रोवावी. लावणीला माणसे मिळत नव्हती; शेजारच्या वाडीतील चार बायका कशाबशा आल्या होत्या. आजोबा चिखलात उतरले. अर्ध्या तासात त्यांची कमर भरून आली आणि ते बांधावर जाऊन बसले. चुलतभाऊ काही न बोलता लावीत राहिला. पन्नाशी उलटलेला तो मनुष्य पहाटेपासून वाकलेला होता.

संध्याकाळी दोघे वाडी फिरले. वरचा गडगा दोन ठिकाणी ढासळला होता. माकडांनी केळी मोडल्या होत्या. रानडुकरांच्या भीतीने भात पोटरीवर आले, की रात्री मांगरात जागत बसावे लागे. चुलतभावाचा मुलगा गोव्यात नोकरीस होता. तो परत येईल की नाही, हे बापालाही सांगता येत नव्हते. आजोबांनी विचारले, “मग तू का करतोस हे सारे?” चुलतभाऊ हसला. “केल्याशिवाय ऱ्हवता खंय?” एवढेच तो म्हणाला. केल्यावाचून राहवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या उत्तरात हक्काचा उच्चार नव्हता आणि तक्रारही नव्हती.

माटुंग्यास परतण्यापूर्वी आजोबांनी आपल्या हिश्शाचे हक्कसोडपत्र चुलतभावाच्या नावे नोंदवून दिले. घरी त्यांचा सत्कार झाला नाही. नातवाचे कर्ज जसेच्या तसे राहिले. त्याचे हप्ते अजून कित्येक वर्षे जावयाचे आहेत. वडिलांनी जमिनीसाठी भरलेले हप्ते आणि नातू घरासाठी भरीत असलेले हप्ते यांत लहानमोठे कसे ठरवावे, हे आजोबांना सुटलेले नाही, आणि ते सुटल्याचा आव ते आणीत नाहीत. दर महिन्याला निवृत्तिवेतनातून काही रक्कम ते न बोलता नातवाच्या हाती ठेवतात. इतर वारसांपैकी काहींनी सह्या केल्या, काहींनी नाही. आत्याबाईंनी आपले नाव कागदावर तसेच ठेवले आहे. “इतक्या वर्षांनी आले आहे, राहू दे थोडे दिवस,” असे त्या म्हणतात. त्यांचे म्हणणेही न्याय्यच आहे. जमिनीचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

पाच बागांच्या बाकावर आजोबांच्या शेजारी बसणारे एक गृहस्थ पालघाटकडचे आहेत. त्यांच्या घरची भातशेती नदीकाठी होती. केरळात १ जानेवारी १९७० पासून कुळे जमिनीची मालक झाली, तेव्हा ती कसणाऱ्याकडे गेली. गमावणारा एक आणि मिळवणारा एक, असे हे दोन वृद्ध एकाच झाडाखाली बसतात. एकाला नदी आठवते, दुसऱ्याला व्हाळ. आठवणीत फारसा फरक नसतो. पालघाटचे गृहस्थ एकदा म्हणाले, की तेथे आज कोण भात लावतो हे त्यांना ठाऊक नाही, पण कोणीतरी लावतो, हे ऐकून बरे वाटते. आजोबांना ते बोलणे पटले.

जमिनीवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. कोणी तिच्यावर आठवणींनी प्रेम करतो, कोणी पैशाने, कोणी हातांनी. यांतील कोणतेही प्रेम खोटे नाही. ज्याने दूर राहून हप्ते भरले, त्याचे ऋणही जमिनीवर आहेच. परंतु ढासळलेला गडगा आठवणींनी उभा राहत नाही आणि रोपे मनिऑर्डरीने लागत नाहीत. कायद्याने १९५७ साली जे एकदा ठरवले, ते निसर्ग दरसाल पुन्हा ठरवतो. कागदावर नाव एकदा चढले, की ते वर्षानुवर्षे राहते. जमीन मात्र दर मृगाला नव्याने मिळवावी लागते.